डिशवॉशरचं रिन्स एड (भांड्यांवरचं पाणी निथळवणारं द्रव) संपलंय, घरातलं काही चालेल का?

चालेल, पण तात्पुरतं. वाटीत पांढरं व्हिनेगर घेऊन ती वरच्या रॅकमध्ये सरळ ठेवा. रिन्स एडच्या कप्प्यात मात्र ओतू नका. आम्ल तिथे साचून राहिलं की रबरी सील खराब होऊ शकतं. व्हिनेगरने क्षार विरघळतात, त्यामुळे स्टीलच्या ताटांवरचे पांढरे ठिपके कमी होतात. पाणी पसरवून निथळवणं मात्र त्याला जमत नाही, म्हणून प्लॅस्टिकचे डबे ओलेच निघतात. मी तर सायकल संपली की लगेच दार उघडते, वाफ निघून जाते आणि भांडी बऱ्यापैकी कोरडी होतात. आणि हो, भांडी घासायचं लिक्विड त्या कप्प्यात चुकूनही घालू नका. फेस थेट ओट्याखाली येतो, लादी पुसून झाली आहे माझी!