अल्गोरिदम राहू द्या, आधी बायोप्सीच्या बाटल्या मोजा

तुमचा प्रश्न वाचून जुनं दुखणं वर आलं. गर्भाशयमुखावर फ्लुरोसन्सचा (प्रकाश टाकल्यावर ऊती स्वतः जी चमकते ती मोजणारा) प्रोब टेकवून प्रत्येकीच्या तीन-चार जागांचे स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीला किती उजेड, त्याचे वक्र) घेतलेत, पण नॉर्मल आणि सीआयएन-२ (कर्करोगापूर्वीचे पेशींतले बदल म्हणजे सीआयएन, त्याची दुसरी पायरी) वेगळे पडत नाहीत. पीसीए झालं, एसव्हीएम झालं, या डेटातून गट वेगळे काढायच्या गणिती पद्धती, आता न्यूरल नेटवर्क लावू का, असं विचारताय. नका लावू. तुम्हीच लिहिलंय, ‘लेबल हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टवरून दिले.’ म्हणजे बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून जे निदान आलं, त्यावरून प्रत्येक स्पेक्ट्रम नॉर्मल की आजारी ते ठरवलं. तो रिपोर्ट रुग्णाचा होता की जागेचा?

आमच्याकडे रुग्णाचा यायचा. आम्ही गर्भाशयमुख म्हणजे घड्याळाची तबकडी मानून जागा लिहायचो, १२ च्या जागी, ३ च्या जागी, आणि जिथे प्रोब तिथेच बायोप्सीचा पंच, म्हणजे तुकडा काढायचा. एवढं सगळं करून तुकडे मात्र फॉर्मलिनच्या एकाच बाटलीत, कारण पॅथॉलॉजीचा नियम: एक रुग्ण, एक अर्ज, एक नंबर. रिपोर्टवर ठरलेली ओळ, ‘करड्या-पांढऱ्या रंगाचे अनेक लहान तुकडे, सर्व प्रोसेसिंगला घेतले’, आणि खाली त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्याचं निदान. उपचाराला तेवढं पुरतं, हे मान्य. पण आमच्या फाइलमध्ये तेच सीआयएन-२ त्या बाईच्या सगळ्या स्पेक्ट्रमना चिकटायचं, त्यातली एखादी जागा ठणठणीत असली तरी. वेगळ्या बाटल्या मागितल्या तर म्हणे ब्लॉक (तुकडे बसवायच्या मेणाच्या वड्या) वाढतात आणि रजिस्टरमध्ये रकाना नाही. लेखी विनंती दिली तर ‘योग्य मार्गाने आलेली नाही’ म्हणून परत. योग्य मार्ग कोणता, ते कुणी सांगेना. पुढे तिथला प्रमुख बदलला आणि त्याच रजिस्टरात पेनाने रेघ मारून रकाना तयार झाला! तोवरचा बहुतेक डेटा वाया.

प्रकाशाच्या कामात हे इतकं का नडतं, तर मुळात फरकच बारीक असतो. ३३७ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला की खालच्या थरातलं कोलॅजन (आधार देणारं तंतूंचं प्रथिन) साधारण ४०० च्या आसपास चमकतं आणि वरच्या पेशींमधलं एनएडीएच (पेशीच्या ऊर्जेच्या कामातला रेणू) ४६० च्या आसपास. सीआयएनमध्ये सहसा कोलॅजनचा उजेड मंदावतो, एनएडीएचचा वाटा वाढतो. पण दोन बायकांमधला फरक याहून मोठा असू शकतो. वय, पाळी थांबली आहे की नाही, यानेही वक्र हलतो. म्हणून तुलना त्याच बाईच्या नॉर्मल जागेशी करायची. याच विषयावर काम केलेल्या अमेरिकन संशोधक रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम यांच्या गटाचे १९९०च्या दशकातले ३३७ नॅनोमीटरचे पेपर काढून वाचा. आता ती ‘नॉर्मल जागा’ एका बाटलीमुळे सीआयएन-२ ठरली असेल, तर तुलना कशाशी करणार? आणि आतल्या बाजूचं कॉलमनर (उभ्या पेशींचं) अस्तर बाहेरच्या स्क्वॅमसच्या (चपट्या पेशींच्या) ढिगात टाकू नका, त्याचा वक्र निरोगी असतानाही वेगळाच असतो.

मी डॉक्टर नाही, यंत्राच्या बाजूचा माणूस. बायोप्सी किती आणि कुठून हे कोल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) करणारेच ठरवतील, स्पेक्ट्रम जुळवण्यासाठी जादा तुकडा घ्यायचा तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि त्या बाईची संमती हवीच. मात्र एवढं मागून घ्या: जागागणिक वेगळी बाटली, बाटलीवर घड्याळाची जागा आणि स्पेक्ट्रमचा नंबर, आणि स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने पहिलं मत न बघता वाचणं. सीआयएन-१ आणि २ च्या सीमेवर दोन जाणकारांचंही जमत नाही. तुमच्या मॉडेलकडून कशाला अपेक्षा!

जाता जाता, तुम्ही टाकलेल्या आलेखात ४३६ आणि ५४६ ला सुईसारखी टोकं दिसतात. तो आजार नाही, खोलीतली ट्यूबलाइट आहे. दिवे बंद करून घ्या. ४१५ जवळची खोच रक्ताची. प्रोब दाबला की तिथलं रक्त सरकतं आणि खोच बदलते, त्यामुळे दाब दरवेळी सारखा ठेवा.

प्रस्तावात ‘बायोप्सीची गरज संपेल’ हे वाक्य असेल तर काढा. अमेरिकेत २००६ मध्ये लुमा नावाच्या अशाच प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला मंजुरी मिळाली, तीसुद्धा कोल्पोस्कोपीच्या जोडीला म्हणून, बदली म्हणून नव्हे. आपल्या क्षेत्रात घोषणा फार होतात, असं माझं मत. कुणाला राग आला तर येऊ दे.

जुना डेटा सगळाच फेकू नका. ज्या रिपोर्टमध्ये सगळे तुकडे नॉर्मल आहेत तिथे लेबल खरंच आहे, ते स्पेक्ट्रम ठेवा. जिच्याकडून एकच तुकडा घेतला तिचा ठेवा, पण फक्त त्याच जागेचा. उरलेले ट्रेनिंगमधून काढा. मग ट्रेनिंग आणि टेस्टची विभागणी रुग्णानुसार करा, एकाच बाईचे स्पेक्ट्रम दोन्हीकडे नकोत. मॉडेलच्या अचूकतेचा आकडा पडेल. पडू द्या, आणि तो आकडा इथे टाका. मग अल्गोरिदमचं बोलू.