आजीला विचारा, मग चाचणीला

२५ एप्रिल हा डीएनए दिन. १९५३ साली याच तारखेला वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा लेख छापून आला. त्या निमित्तानं अकरावी-बारावीच्या मुलांसाठी निबंधस्पर्धा ठेवली आहे. विषय : ‘डीएनए चाचणीतून पूर्वज कळतात का?’ परीक्षकांत मी आहे हे फुटल्यापासून प्रश्नांचा पाऊस पडतोय. निबंध लिहून देणार नाही, अडलेलं तेवढं सोडवतो.

सर, आमच्या घरी तेलुगू बोलतात. पणजोबा मागावर काम करायला तेलंगणातून आले. आजी म्हणते, आपण मार्कंडेय ऋषींचे वंशज. चाचणीत हे निघेल का?
*– अकरावीतली विद्यार्थिनी, पूर्व भाग, सोलापूर*

ऋषी निघणार नाहीत. पणजोबांचं गावही बहुधा निघणार नाही. थुंकीच्या नमुन्यातून डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांपैकी सहा-सात लाख ठिकाणं तपासतात आणि कंपनीजवळच्या नमुन्यांशी ताडून बघतात. म्हणजे तुझे पूर्वज कुठून आले हे थेट कळत नाही. आज हयात असलेल्या कोणत्या लोकांशी तुझं जास्त जुळतं, एवढंच कळतं. आपल्याकडचे नमुने मुळात थोडे असले की उत्तर ‘दक्षिण भारत’ असं मोघम येतं. एवढ्यासाठी पैसे कशाला? गावाच्या बाबतीत आजी जास्त भरवशाची. तिच्याकडून गावाचं नाव, पणजोबा कोणाच्या ओळखीनं आले, आधी कोण आलं, हे सगळं लिहून घे.

त्याही मागे जायचं असेल तर मात्र डीएनए बोलतो. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या देशातले वेगवेगळे लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले. त्या मिसळणीतून जवळजवळ कोणीच सुटलं नाही. प्रमाण कमी-जास्त, इतकंच. ‘मूळचे कुठले’ असं कुणी विचारलं तर आधी ‘कधीचे?’ असं विचार. माझ्या मते तुझा निबंध तिथूनच सुरू व्हावा.

एकाच आईबापाच्या भावाबहिणीचे अहवाल वेगळे कसे येतात?

एकाच सुताच्या दोन चादरी घ्या, नक्षी वेगळी निघतेच. आईच्या डीएनएतलं निम्मं, वडिलांच्या डीएनएतलं निम्मं, पण कोणतं निम्मं ते दर वेळी वेगळं. शिवाय वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाला जातं, त्यामुळे बहिणीच्या अहवालात बाप-आजोबा-पणजोबा अशी थेट ओळ नसते. हिशेब करायचाच तर दहा पिढ्या मागे १०२४ पूर्वजांच्या जागा भरतात, आणि त्यातल्या शेकडो जणांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. नातं असतं, डीएनए नसतो.

मुलगा म्हणतो, निबंधासाठी चाचणी मागवू या. मागवू का?
*– एक पालक, जुळे सोलापूर*

नको. अहवाल जोडल्याचे जादा गुण नाहीत. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती फुटली. मार्च २०२५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा लोकांना पहिला प्रश्न पडला : आमच्या डीएनएचं काय? आणि चाचणी एकट्या मुलाची होत नाही. कॅलिफोर्नियातला एक जुना खुनी २०१८ मध्ये सापडला, तो स्वतः चाचणी करून नव्हे. लांबच्या नातेवाइकांचा डीएनए वंशावळीच्या संकेतस्थळावर होता, त्यावरून. तुमच्या मुलानं थुंकी पाठवली की त्यात तुम्ही, त्याची मावशी, चुलतभाऊ थोडेथोडे आलातच. त्यांना विचारलंत?

सर, स्पष्ट विचारतो : चाचणीनं जात कळते का?

जातीचं जनुक नसतं. पण एवढं सांगून हात झटकणं मला पटत नाही. शेकडो वर्षं जातीतच लग्नं झाली, की त्या गटात काही जनुकीय बदल वारंवार दिसू लागतात. आर्य वैश्य समाजाचं उदाहरण भूलतज्ज्ञांना ठाऊक आहे. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला एक औषध देतात, त्याचा अंमल काही मिनिटांत उतरतो. ते औषध मोडणारं विकर (एन्झाइम) ज्यांच्यात नसतं त्यांचा श्वास तासन्‌तास परत येत नाही, यंत्रावर ठेवावं लागतं. ही उणीव या समाजात इतरांपेक्षा जास्त आढळते. सगळ्यांत नव्हे, आणि इतरांत मुळीच नाही असंही नव्हे. हीन-श्रेष्ठतेचा इथे संबंधच नाही, लग्नाच्या रिवाजाचा आहे. आपल्याकडे मामाची मुलगी करतात. अशी भावंडं सरासरी साडेबारा टक्के डीएनए वाटून घेतात, म्हणून दोघांत एकच दोष लपलेला असण्याची शक्यता वाढते. यावर कोणी लिहिलं तर मी आवडीनं वाचेन.

गुण कशाचे कापणार?
*– एक शिक्षिका, अक्कलकोट*

‘डीएनए म्हणजे डीऑक्सीरायबोन्यूक्लिक ॲसिड’ या पहिल्या वाक्याचे. गंमत नाही, अर्धे निबंध तसेच सुरू होतात आणि हल्ली मोबाइलवरून उतरवलेले असल्यानं दुसरं वाक्यही सारखंच असतं. ‘माझ्यात तीस टक्के अमुक’ असं लिहिलं की मी समासात ‘कोणाशी ताडून?’ असं लिहितो.

कन्नडमध्ये लिहिला तर चालेल?

आयोजक म्हणतात, मराठी किंवा इंग्रजी. पण आजीशी कन्नडमध्ये बोललात तर तिचं वाक्य तसंच ठेवा, खाली मराठी अर्थ द्या. माझ्या शेजारी बसणाऱ्या परीक्षक बाई कन्नड वाचतात.