जांभ्याच्या घराचा पहिला पावसाळा

घर घेतलंत, अभिनंदन! रंगाचं नंतर बघू. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि जांभा, म्हणजे भिंतींचा तो लाल, सच्छिद्र दगड, पाणी पितो. म्हणून मे संपायच्या आत एवढंच करा:

१. पन्हळीतला पालापाचोळा काढा. मग कुणाला तरी वरून बादलीभर पाणी ओतायला सांगून खाली उभे राहा. धार भिंतीवर आली तर पन्हळीचा उतार चुकलाय.

२. पागोळ्या पडतात तिथली जमीन जोत्यापासून बाहेर उतरती हवी, हातभराला दोन बोटं. आमच्या मागच्या पडवीला उतार उलटा होता. दोन पावसाळे भिंतीचे पोपडे निघत होते आणि मी आपला रंग मारतोय! शेवटी चार घमेली माती ओढली नि ओल थांबली.

३. फुटकी कौलं बदला.

नवखे हमखास चुकतात ते इथे: ओल्या भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग फासतात, ओल आतच कोंडते. आणि जोत्याला टेकून केळी-अळू लावून न्हाणीचं पाणी त्यात सोडतात.

पायाचं काम आत्ता नको. भेग दिसलीच तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने तारीख लिहा, वाढलीय का ते दिवाळीनंतर बघू.