सबटायटलचा दर सांगण्याआधी

मालिकेच्या सबटायटलचा अनुवाद करायचं पहिलं काम मिळतंय, अभिनंदन! दर सांगायची घाई मात्र करू नका. आपल्याकडे सबटायटलचा भाव बहुतेक वेळा व्हिडिओच्या मिनिटावर ठरतो, तुम्ही किती मिनिटं राबलात त्यावर नाही. नवखे इथेच फसतात.

त्याच मालिकेतली दहा मिनिटं घ्या आणि घड्याळ लावून अनुवाद करा. शेवटची तपासणीही त्यातच धरा. समजा दोन तास लागले, म्हणजे तासाला पाच मिनिटांचं काम झालं. तासाला ४०० रुपये सुटायला हवे असतील तर दर मिनिटाला ८० रुपये. ४५ मिनिटांच्या भागाचे ३,६०० रुपये, आणि त्यासाठी नऊ तास बसायची तयारी. गप्पांचा कार्यक्रम असेल तर वेळ आणखी वाढतो, कारण तिथे कुणी श्वासच घेत नाही.

होकार देण्याआधी एवढं विचाराच:

- वेळा लावलेली फाइल (कुठली ओळ पडद्यावर कधी येणार, कधी जाणार ते आधीच नोंदवलेली) मिळणार का? ऐकून टायमिंगही तुम्हीच लावायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे.
- दुरुस्तीच्या किती फेऱ्या याच दरात?
- पैसे कधी मिळणार, टीडीएस कापून किती? हे ईमेलवर लेखी घ्या.

नमुना म्हणून दोन-तीन मिनिटं फुकट करून द्यायला हरकत नाही. अख्खा भाग मागितला तर सरळ नाही म्हणा. आणि ‘आत्ता कमी घ्या, पुढे वाढवू’ यावर विसंबू नका. एकदा पडलेला दर वाढवून घेणं फार जड जातं.

जीएसटी, परदेशी ग्राहक वगैरे नंतर बघू. आधी ती दहा मिनिटं करा.