शाळेतला 'स्टुडंट सपोर्ट स्पेशालिस्ट' नेमकं काय करतो? आपल्या कोकणातल्या शाळांत असं कोणी असतं का?

शिकवणी घेणारा जादा मास्तर, असं समजू नका. मूल मागे का पडतंय ते हुडकायचं, त्याच्यापुरती छोटी योजना आखायची आणि काही आठवड्यांनी फरक पडला का ते तपासायचं, हे त्याचं काम. निम्मा वेळ पालक नि वर्गशिक्षकांशी बोलण्यातच जातो.

समजा, हर्णै बंदरातला सातवीचा मुलगा ऑगस्टपासून गैरहजर आहे. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, होड्या बाहेर पडतात. हे हजेरीपटाशी ताडून पाहिलं की 'अभ्यासात ढ' हा शेरा गळून पडतो. आंबाबागेतल्या नेपाळी राखणदाराच्या मुलीचं निराळंच. बेरीज-वजाबाकी पक्की, पण मराठीतलं शाब्दिक उदाहरण कळत नाही. दोघांना एकच जादा तास लावून काय उपयोग?

आपल्याकडे या नावाचं पद सहसा नसतं. समग्र शिक्षा योजनेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, पण ते मुख्यतः दिव्यांग मुलांसाठी. (२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली खास अडचण, धरली आहे, हे बऱ्याच पालकांना ठाऊक नसतं.) त्यातून एकेकाकडे अनेक शाळा. तेव्हा आधी वर्गशिक्षकांना गाठा, मग मुख्याध्यापकांमार्फत गटसाधन केंद्राकडे (शाळांना मदत करणारं तालुक्याचं शिक्षण केंद्र) लेखी अर्ज द्या.