रविवार, बढती आणि विटांची मोजणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीमचा प्रमुख आहे. आमचे घराणे मूळ नगर जिल्ह्यातले, आणि आळस हे पाप आहे ही शिकवण आजोबांपासून चालत आलेली. अलीकडे बढती मिळाली, मोठा फ्लॅट घेतला. मात्र रविवारच्या उपासनेतही माझे लक्ष फोनकडे असते आणि आशीर्वाद होताच मी टीमला सोमवारच्या कामाचे मेसेज पाठवू लागतो. रोज किती कामे उरकली याची नोंद एका अ‍ॅपवर ठेवतो. आकडा कमी भरला की रात्री प्रार्थनेत मन लागत नाही. पत्नी म्हणते, मी पैशाच्या मागे लागलो आहे. मला वाटते, देवाने दिलेल्या बुद्धीचा मी उपयोग करतो आहे. धन्याच्या पैशावर नफा मिळवणाऱ्या चाकरांचा दृष्टान्त हेच शिकवत नाही काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आजोबांची शिकवण शास्त्राला धरूनच आहे. प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू करण्याचा धंदा करून पोट भरत होता, आणि ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये, असे त्याने थेस्सलनीकाच्या मंडळीला बजावले. तेव्हा आपल्या कष्टात किंवा बढतीत मला दोष दिसत नाही. दृष्टान्तातील चाकर मात्र आपला हिशेब धन्यापुढे मांडतात, आणि तो त्यांना आनंदात सहभागी करून घेतो. आपण रोज रात्री स्वतःच हिशेब मांडता, स्वतःच दोषी ठरता आणि त्या टोचणीने प्रार्थनेपासून दूर जाता. मला चिंता वाटते ती याची.

बायबलमधील निर्गम या पुस्तकाचा पाचवा अध्याय आपण सावकाश वाचावा. मिसरचा राजा फारो आपल्या दास्यात असलेल्या इस्राएल लोकांना विटांसाठी पेंढा देणे बंद करतो, त्यांनी तो रानोमाळ फिरून स्वतः गोळा करावा असे फर्मावतो, पण रोजच्या विटांची संख्या पूर्वीइतकीच भरली पाहिजे, असा त्याचा हुकूम असतो. त्यांचे नायक (मुकादम) तक्रार घेऊन जातात तेव्हा तो म्हणतो, तुम्ही आळशी आहात, म्हणूनच परमेश्वराला यज्ञ करायला जाऊ द्या म्हणता. फारोच्या दरबारात उपासनेची गणना आळसातच होते. पुढे बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात विसाव्याची आज्ञा पुन्हा सांगताना, तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव, असे कारण दिलेले आहे. आणि तो विसावा एकट्या घरधन्याचा नसून मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका, या सर्वांचा आहे.

म्हणून आपल्या पत्रातील जी गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते ती आपण जाता जाता लिहिली आहे : टीमला जाणारे मेसेज. आपला रविवार मोडतो तेव्हा आपल्या हाताखालच्या प्रत्येकाचाही मोडतो, आणि साहेबांचा मेसेज आल्यावर तो न वाचण्याची मुभा त्यांना नसते. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी 10 जून 1890 रोजी मान्य झाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अनेक वर्षांच्या प्रयत्नांमुळे. लोखंडे सत्यशोधक होते, ख्रिस्ती नव्हते. तरीही दासदासींच्या विसाव्याबद्दल अनुवादात जे सांगितले आहे ते त्यांच्या लढ्यात मला स्पष्ट दिसते, आणि आपल्या मंडळ्यांतून त्यांचे नाव क्वचितच निघते याचे वाईट वाटते.

पत्नीच्या बोलण्याविषयी. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या दिवसांतील एका तरुणाचा हिशेब दिला आहे, आणि तो तरुण म्हणजे ते स्वतःच, असे मानले जाते. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा तो 28 पौंडांत भागवून 2 पौंड दान करी; पुढच्या वर्षी 60 मिळाले तरी खर्च 28 च ठेवून त्याने 32 दिले, आणि 90 मिळाले तेव्हा 62 दिले. फ्लॅटचे हप्ते भरणाऱ्या संसारी माणसाने हे जसेच्या तसे करावे, असे मी म्हणणार नाही. पण बढतीनंतर घरखर्च किती वाढला आणि दान किती वाढले, हे दोन आकडे आपण उभयतांनी एका कागदावर लिहून पाहावेत. पत्नीच्या म्हणण्यात तथ्य किती, ते त्यावरून आपल्याला कळेल. तोवर शनिवारी रात्री ते अ‍ॅप बंद करावे आणि सोमवारची कामे सोमवारी सकाळीच कळवली जातील, असे टीमला आजच सांगावे.

प्रश्न : मी वसईची असून रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातून दोन-तीन रविवारी ड्युटी लागते आणि मिस्सा (चर्चमधील रविवारची उपासना) चुकते. हे पाप आहे का?
— एक वाचक, वसई

उत्तर : नाही. अठरा वर्षे पाठीतून वाकलेल्या स्त्रीला प्रभू येशूने शब्बाथ दिवशीच, म्हणजे विसाव्याच्या दिवशीच, बरे केले, आणि त्यावर आक्षेप घेणाऱ्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला खडसावले (लूक 13). आपल्या सेवेला पैशामागची धावपळ समजून अपराधी वाटून घेऊ नका. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला गेल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे कॅथोलिक धर्मसभेच्या नियमांतच आहे. तेही जमत नसेल तर आपल्या धर्मगुरूंना ड्युटीचे वेळापत्रक दाखवा. आणि आठवड्यात जो दिवस सुट्टीचा मिळेल त्या दिवशी दुसऱ्याची जादा पाळी घेण्याचा मोह टाळा. तो दिवस आपल्या विसाव्याचा आहे.