विमानाचा आवाज आणि कौलारू घर

प्रश्न : परुळ्याला चिपी विमानतळाजवळ आमचं चिऱ्याचं कौलारू घर आहे. अमेरिकेत म्हणे विमानतळच लोकांच्या घरांना जाड खिडक्या बसवून देतो. ते कसं चालतं? आम्ही काय करावं?

उत्तर : तिथे आधी नकाशा बघतात. दिवसरात्रीच्या सरासरी आवाजाच्या रेषा आखतात. रात्री दहा ते सकाळी सातची विमानं १० डेसिबल वाढवून धरतात. घर ६५ डेसिबलच्या रेषेआत हवं, शिवाय खिडक्या बंद ठेवून खोल्यांत सरासरी ४५ तरी भरायला हवेत. या दुसऱ्या अटीवर बरीच घरं गळतात. कामाने निदान ५ डेसिबल फरक पडावा लागतो.

तुम्ही मात्र खिडकीआधी वर बघा. चिऱ्याची भिंत जड, ती आवाज अडवते. कौलांच्या फटी अडवत नाहीत. शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जात नाही, काच कितीही जाड घ्या. म्हणून झोपायच्या एकाच खोलीला छत करा : सिमेंट फायबर बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न आणता; वर ५० मिमी रॉकवूल, म्हणजे दगडी लोकर; कडा सीलंटने बंद. साधा जिप्सम आपल्या पावसात टिकत नाही. कौलं आधी परतून घ्या, नाहीतर भिजलेली लोकर छत खाली ओढते.

मग खिडकीला आतून दुसरी काच, मध्ये १०० मिमी अंतर, दोन्ही काचांची जाडी वेगळी. आणि एसी किंवा आवाज अडवणारा हवेचा झरोका हवाच. मे महिन्यात बंद खोलीत कोण झोपणार? खिडकी उघडलीत की खर्च पाण्यात.